‘जातोस’मधला ‘स’ आणि लॅटिनचे पुरुषप्रत्यय

लॅटिन शिकायला बसलं की पहिल्या काही दिवसांतच घोकंपट्टी सुरू होते: अमो, अमास, अमत, अमामुस, अमातिस, अमंत. मी प्रेम करतो, तू करतोस, तो करतो. मग आम्ही, तुम्ही, ते. शेवटचे ओ, स, त, मुस, तिस, न्त हे पुरुषप्रत्यय. ‘ओ’च्या जागी काही काळांत ‘म’ येतो आणि पूर्ण भूतकाळाचे प्रत्यय थोडे निराळे आहेत, पण हे सहा पक्के झाले की बरीचशी वाट सोपी होते. सर्वनाम वेगळं लावावं लागत नाही. आपणही ‘येतोस का?’ असं विचारताना ‘तू’ गाळतोच, तो ‘स’मध्ये आलेला असतो.

ही घोकंपट्टी फार जुनी आहे. चौथ्या शतकात रोममध्ये दोनातुस नावाचे व्याकरणशिक्षक होते; बायबलचं लॅटिन भाषांतर करणारे संत जेरोम त्यांचे विद्यार्थी. दोनातुस यांचं छोटं व्याकरण प्रश्नोत्तरांत आहे. क्रियापदाचे पुरुष किती? तीन. कोणते? पहिला, दुसरा, तिसरा. जसं लेगो, लेगिस, लेगित, म्हणजे वाचतो, वाचतोस, वाचतो. युरोपातल्या मुलांनी हे हजार वर्षं पाठ केलं. पुढे गुटेनबर्गनेही ते छापलं. आपल्या मराठी शाळेतही ‘मी’ म्हणजे प्रथम पुरुष. संस्कृतात मात्र प्रथम पुरुष म्हणजे ‘तो’ आणि ‘मी’ उत्तम पुरुष. दोन्ही भाषा एकदम शिकणाऱ्याने हे आधीच ध्यानात ठेवावं.

हे प्रत्यय असेच का, हे मात्र रोमन वैयाकरणांना सांगता आलं नाही. त्यासाठी शेजारी संस्कृत ठेवावी लागली. गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट (कॅथलिक धर्मसंघातले धर्मगुरू) थॉमस स्टीफन्स, म्हणजे मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणारे फादर, यांनी १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं नोंदवलं होतं. १७६७ मध्ये फ्रेंच जेझुइट कुर्दू यांनी दक्षिण भारतातून पॅरिसला संस्कृत आणि लॅटिनमधलं साम्य कळवलं. शेवटी १८१६ मध्ये जर्मन अभ्यासक फ्रान्त्स बॉप यांनी क्रियापदांची रूपं पद्धतशीर ताडून पाहिली आणि तौलनिक भाषाशास्त्राचा पाया घातला. हा पाया शब्दसंग्रहावर नाही, क्रियापदाच्या प्रत्ययांवर घातला गेला, हे मला फार मोलाचं वाटतं. शब्द उसने घेता येतात, प्रत्ययांचा अख्खा संच सहसा कुणी उसना घेत नाही.

मोठ्याने म्हणून पाहा. अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति. आता लॅटिन: सुम, एस, एस्त, सुमुस, एस्तिस, सुंत. ‘सन्ति’ आणि ‘सुंत’ ऐकल्यावर या भाषा एकाच कुळातल्या आहेत याला वेगळा पुरावा लागत नाही. जुन्या मराठीतलं ‘जाणसी’, आजचं ‘जातोस’ आणि लॅटिनचं ‘अमास’ यांतला ‘स’ एकाच घरचा आहे.

हे प्रत्यय दगडावर कोरल्यासारखे स्थिर मात्र नव्हते. रोममध्ये १८८० साली तीन जोडभांड्यांचं एक पात्र सापडलं. त्यावरच्या अतिप्राचीन लेखात ‘फेकेद’ असं रूप आहे. भांडंच म्हणतं, अमक्याने मला केलं. तेव्हा वर्तमानात ‘त’ आणि भूतकाळात ‘द’ असा भेद होता. नंतर ‘फेकित’ झालं आणि सगळीकडे ‘त’च राहिला.

तोही बोलण्यात झिजत गेला. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत एका भिंतीवर कुणीतरी लिहून ठेवलंय: जो प्रेम करतो त्याचं भलं होवो, ज्याला प्रेम करता येत नाही तो मरो. लिहिणाऱ्याने ‘अमत’ऐवजी सरळ ‘अमा’ लिहिलं आणि त्या ओळीतल्या बाकीच्या तृतीयपुरुषी रूपांचाही ‘त’ गाळला. इटालियनमध्ये ‘तो प्रेम करतो’ आजही ‘अमा’च आहे.