पेडण्याच्या शेपटीला 'एम' कुठून आला

सावंतवाडी, बांदा करत दक्षिणेकडे उतरणारा माणूस पेडण्याला निघालेला असतो. गोव्याच्या सीमेवरची पत्रादेवी ओलांडली की देवनागरी पाटी त्याला पेडणेच सांगते, रोमन अक्षरे मात्र 'पेर्नेम' म्हणतात. पुढे डिचोलीचे 'बिचोलिम', साखळीचे 'सांक्वेलिम', केप्याचे 'क्वेपेम'. गोव्याबाहेरच्या बातम्यांत हीच रूपे पुन्हा देवनागरीत उतरवली जातात आणि शेजारचे गाव परमुलखातले वाटू लागते.

याचे खापर सरसकट पोर्तुगीजांच्या कानावर फुटते. कान थोडा दोषी आहेच. आपला मूर्धन्य ड त्यांच्या भाषेत नाही. शब्दाच्या मधला ड त्यांनी र म्हणून टिपला. म्हणून मडगावात र आला, चोडणात आला, आणि कुडचड्यात तर दोन्ही ड गेले : 'कुर्चोरेम'. पण शेवटच्या 'एम'च्या बाबतीत त्यांचा कान आपल्या आजच्या लेखणीपेक्षा चोख होता.

पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या अखेरीचा 'एम' ओठ मिटून म्हणत नाहीत. त्यांचा होकार 'सीं', लिहिताना एस-आय-एम. तिथे 'एम' ही नुसती खूण, आधीचा स्वर नाकात म्हणा एवढे सांगणारी. आणि गावांची नावे होतीच नाकातली : पेडणें, केपें, सांगें. जुन्या मराठी छापील पुस्तकांत पुणें, ठाणें दिसते, तोच हा नपुंसकलिंगी शेवट. पुण्याचे दप्तर पोर्तुगीजांनी लिहिले असते तर आज कदाचित 'पुनेम' वाचावे लागले असते.

गोव्यातली बारदेश आणि साष्टी 1543 साली पोर्तुगीजांकडे गेली. पेडणे, डिचोली, फोंडा हा मुलूख अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. मधे दोनशेहून अधिक वर्षे गेली, तरी लिहिण्याची रीत तीच राहिली.

नाकातल्या उच्चाराची त्यांच्याकडे दुसरीही खूण होती : अक्षरावरची नागमोडी रेघ, टिल्डा. 'गांव'मधला अनुस्वार त्यांनी 'ए'वर टिल्डा देऊन दाखवला. मडगाव, मुरगाव, ताळगाव, सगळीकडे हेच. चोडणच्या शेवटीही तीच रेघ होती.

खरा घोटाळा 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, त्यानंतरचा. कारभार इंग्रजीत आला आणि पोर्तुगीज स्पेलिंग बहुतेक ठिकाणी तसेच उचलले गेले, फक्त वरची-खालची चिन्हे गळाली. इंग्रजी टंकयंत्रावर ती नव्हतीच. टिल्डा हे चिन्ह, म्हणून पडले. 'एम' हे अक्षर, म्हणून उरले. एकाच अनुस्वाराच्या नशिबी या दोन गती : मडगावने नाकातला सूर गमावला, पेडण्याला ओठ मिटायला लावणारा म मिळाला. म्हापशाच्या स्पेलिंगमध्ये 'सी'खाली एक छोटी शेपटी होती, तिच्यामुळे त्याचा स होई. ती गळाली आणि काही नकाशांत म्हापशाचे 'मापुका' झाले. पाट्यांवर पुढे 'एस' आला म्हणून बरे.

गंमत अशी की नेमक्या त्याच सुमारास मराठीनेही आपला अनुस्वार खाली ठेवला. 1962च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले. गांवचे गाव, पेडणेंचे पेडणे झाले. देशावरच्या बोलण्यात तो उच्चार उरला नव्हता, हे खरे. कोकणीत तो उरला होता आणि आहे; देवनागरी कोकणीत आजही पेडणें, सांगें असेच लिहितात. म्हणजे मराठी पाटीकडे पाहून 'हा एम निरर्थक आहे' म्हणणाऱ्याने आपला टिंब आपणच पुसलेला असतो.

रोमी म्हणजे रोमन लिपीत कोकणी लिहिणाऱ्यांना यात काहीच अडचण नाही. त्यांच्या लेखनात नाकातला शेवट 'एम'नेच दाखवतात आणि ते 'पेडणें' असेच वाचतात. 1987च्या राजभाषा कायद्यात कोकणीची व्याख्या देवनागरीपुरती केली गेली. मराठीला कारभारात वापरण्याची मुभा राहिली, रोमीला मात्र व्याख्येत जागा मिळाली नाही. पाट्यांवरचे रोमन स्पेलिंग मात्र रोमीच्याच वळणाचे राहिले. ते बदला म्हणणाऱ्यांना त्यात परकी सत्ता दिसते, राहू द्या म्हणणाऱ्यांना आपली लिपी. दोन्ही बाजूंना मान द्यावा, पण वाचनाची किल्ली रोमीवाल्यांकडे आहे, हे कबूल केले पाहिजे.

सरकारी निर्णयांत एकसूत्रीपणा शोधू नये. राजधानीच्या रोमन नावातला 'एम' काढला, पणजी सरळ झाली. पेडणे, डिचोली, केपे, सांगे तसेच राहिले. उत्तरेत इंग्रजांनी हेच अक्षर आणखी वेगळ्या रीतीने हाताळले होते : पोर्तुगीज 'बोंबाइम'चा 'एम' उडवून बॉम्बे केले, वसईच्या 'बसाइम'चा 'एम' मात्र 'एन' करून ठेवला, बसीन.

मडगावचा गुंता रेल्वेने वाढवला. 1998 साली कोकण रेल्वे मुंबईहून सलग धावू लागली, तेव्हा स्थानकाचे रोमन नाव 'ड'ने लिहिलेले होते, उच्चाराप्रमाणे. शहराच्या सरकारी रोमन नावात 'आर' तसाच. तिकिटावर एक नाव आणि बाहेरच्या रस्त्यावर दुसरे, ही स्थिती अजून आहे. आपण भलत्याच गावी उतरलो की काय, असे विचारणारा प्रवासीही तिथे भेटतो.