बाळाच्या कवटीची शस्त्रक्रिया : सोलापूरकर पालकांनी अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

बाळाच्या डोक्याचा आकार वेडावाकडा होतोय, टाळू फार लवकर भरली, कवटीवरून बोट फिरवलं की उंच कड लागते, असं काही दिसलं तर ‘मोठं झालं की होईल नीट’ म्हणून थांबू नका. एकाच कुशीवर झोपून डोकं चपटं झालं असेल तर शस्त्रक्रिया लागत नाही. पण कवटीचे सांधे वेळेआधी जुळले असतील तर मेंदूला वाढायला जागा अपुरी पडू शकते. ही शस्त्रक्रिया बहुतेकदा पहिल्या वर्षातच करतात, म्हणून तपासण्या आणि कागदपत्रं दोन्ही एकदमच हाती घ्या.

आधी आशाताईंना किंवा अंगणवाडीत दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 0 ते 18 वर्षांच्या मुलांची मोफत तपासणी होते. तिथली चिठ्ठी घेऊन सिव्हिलच्या बालरोग विभागात जा.

काही बाळांत यामागे हायपोफॉस्फेटेशिया हा हाडांचा दुर्मीळ आजार असतो. रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज (रिपोर्टमध्ये ALP) हे विकर कमी असणं ही त्याची खूण. रिपोर्टमध्ये हा आकडा वाढलेला असला की लगेच नजरेत भरतो, कमी असला की सहज सुटून जातो. तो बाळाच्या वयाच्या प्रमाणाशी ताडून बघायला डॉक्टरांना आवर्जून सांगा. मुडदूस समजून स्वतःहून कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्व देऊ नका. या आजारात कॅल्शियम आधीच वाढलेलं असू शकतं. आणखी एक : एक्स-रेत फट रुंद दिसली तरी सांधा प्रत्यक्षात जुळलेला असू शकतो, म्हणून मेंदूवरचा दाब कळण्यासाठी डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही करून घ्या.

आता पैशांचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि पांढरं रेशनकार्डही चालतं. रेशनकार्ड, आईवडिलांचं आधार आणि बाळाचा जन्मदाखला घेऊन रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्रांना भेटा. ही शस्त्रक्रिया कोणत्या पॅकेजमध्ये बसते आणि जवळ कुठे होते, ते आधी विचारा (हेल्पलाइन 155388). मंजुरीचा प्रस्ताव रुग्णालयच ऑनलाइन पाठवतं. बाळाचं नाव रेशनकार्डात चढवायचं राहिलं असेल तर आजच अर्ज टाका. पाच वर्षांखालच्या बालआधारला बोटांचे ठसे लागत नाहीत. जन्मदाखला आणि पालकाचं आधार पुरतं.

दुर्मीळ आजाराचं निदान झालं तर राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण 2021 खाली 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. हायपोफॉस्फेटेशिया त्याच्या तिसऱ्या गटात, म्हणजे उपचार आहेत पण फार महाग आहेत अशा आजारांत येतो. नोंदणी ठरवून दिलेल्या केंद्रातच होते. आपल्याला मुंबईचं केईएम सोयीचं. जाताना सगळे मूळ रिपोर्ट आणि स्कॅनच्या फिल्म घ्या, नुसते मोबाइलमधले फोटो पुरत नाहीत. शस्त्रक्रिया दुसरीकडे ठरली तरी सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांच्याही हातात हे निदान लेखी द्या.

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधी आहे. वार्षिक उत्पन्न 1.6 लाखांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, रिपोर्ट, रेशनकार्ड, आणि बाळ लहान असल्याने आईचं आधार जोडा. धर्मादाय रुग्णालयांतही 1.8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी मोफत आणि 3.6 लाखांपर्यंत सवलतीच्या खाटा राखीव असतात. मुख्यमंत्री निधीतून झालेल्या खर्चाची भरपाई मिळत नाही, म्हणून अंदाजपत्रक हातात पडताच अर्ज भरा.