या लेकराला कडेवर कोण घेणार?

लहान मूल आजारी पडलं की आपण पहिलं काय करतो, तर उचलून घेतो. कपाळाला हात लावतो, छातीशी धरतो, उलटी केली तर पदराने नाहीतर सरळ हातानेच पुसतो. इबोला या जीवघेण्या संसर्गजन्य आजारात नेमकं हेच जिवावर बेततं. हा व्हायरस उलटी, जुलाब, रक्त, लाळ यांतून आपल्या डोळ्यातोंडात किंवा एखाद्या बारीकशा जखमेतून आत शिरतो, आणि जुलाब लागलेलं दीड वर्षाचं पोर काही सांगून ओकत नाही. मोठ्या पेशंटला बादली देता येते, "हात लावू नका" म्हणता येतं. पोर सलाईनची नळी ओढणार, बोटं तोंडात घालणार, आणि रडत रडत जो कोणी समोर येईल त्याच्या गळ्यात पडणार.

पश्चिम आफ्रिकेतली मोठी साथ सुरू झाली तीच बहुधा एका लेकरापासून, गिनीतल्या मेलियांदू गावातला साधारण 2 वर्षांचा मुलगा, डिसेंबर 2013 मध्ये गेला. पुढे 2016 पर्यंत 28,600 च्या वर लोकांना लागण झाली आणि 11,300 च्या वर गेले. लहान मुलांची हालत सगळ्यात वाईट होती. व्हायरस अंगात शिरल्यापासून ताप यायला 10 ते 15 वर्षांच्या मुलांना सरासरी 10 एक दिवस लागायचे, तर वर्षाच्या आतल्या बाळांना 7 च. म्हणजे हातात वेळच कमी, त्यात एवढ्याशा अंगातलं पाणी जुलाबाने किती भराभर जातं ते कुठल्याही आईला विचारा.

आता वॉर्ड डोळ्यासमोर आणा. बाहेर ग्रीन झोन, म्हणजे पेशंट नसलेला सुरक्षित भाग, आत रेड झोन, म्हणजे पेशंट असलेला भाग. स्टाफ आधी संशयित पेशंटकडे जातो, मग टेस्टने इबोला पक्का झालेल्या पेशंटकडे, उलटं कधीच नाही. अंगभर सूट, दोन-दोन ग्लोव्हज, गॉगल, रबरी बूट, आणि त्या उकाड्यात तासभरसुद्धा आत टिकणं मुश्किल. दोन ग्लोव्हजमधून, वाफ धरलेल्या गॉगलमधून, सुकून गेलेल्या बाळाच्या हाताची शीर शोधायची आणि ते हात झटकत असताना सुई मारायची. चुकून स्वतःला टोचली तर संपलंच. बाहेर येतानाचा सूट काढणं तर सगळ्यात धोक्याचं, म्हणून समोर एक माणूस उभा राहून एकेक पायरी सांगतो, दर पायरीला क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायचे, ते पाणी 0.05 टक्क्यांचं, आणि जमीन-बूट यांना त्याच्या दहापट कडक. आत गेलेलं खेळणं बाहेर येत नाही. कापडी बाहुली असेल तर जाळतात.

आणि हे सगळं त्या पोराला कसं दिसत असेल हो? चेहरा नसलेली माणसं येतात, टोचतात, निघून जातात.

त्यात आणखी एक कठीण भाग म्हणजे संशयित वॉर्ड. आफ्रिकेत ताप आलेल्या बऱ्याच मुलांना मलेरिया असतो, पण सुरुवातीला मलेरिया आणि इबोला अगदी सारखेच दिसतात. लक्षणं सुरू झाल्यावर पहिल्या 72 तासांतला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी टेस्ट परत करावी लागते. तोवर मलेरियाचं मूल इबोलाच्या मुलाशेजारी ठेवलं तर आपणच त्याला आजार दिला ना! म्हणून प्रत्येकाला वेगळी खोली, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच सगळ्यात आधी राहून जातं, कारण जागा नसते. आई पॉझिटिव्ह आणि अंगावर पिणारं बाळ निगेटिव्ह, तर दूध तोडून बाळ वेगळं करावं लागतं. नियम बरोबरच आहे. पण मग ते बाळ कुणाकडे द्यायचं?

याचं उत्तर मिळालं इबोलातून उठलेल्या बायकांकडून. एकदा बरं झालेल्या माणसाच्या रक्तात त्या व्हायरसविरुद्धच्या अँटीबॉडीज वर्षानुवर्षं राहतात, त्यामुळे त्याच साथीत परत लागण होण्याची भीती फार कमी. कांगोच्या 2018 ते 2020 च्या साथीत बेनी आणि बुटेम्बोला उपचार केंद्रांच्या शेजारी युनिसेफच्या मदतीने पाळणाघरं उघडली. आईबाप आत ॲडमिट असलेली बाळं तिथे, 21 दिवस नजरेखाली, आणि सांभाळायला याच बायका. तिथे त्यांना 'बेर्सूझ' म्हणतात, म्हणजे अंगाई गाणाऱ्या. ज्यांना गावात लोक हात लावायला घाबरत होते त्यांच्याच मांडीवर ही बाळं झोपायची. लसही आहे, औषधंही आली, पण मला ही गोष्ट तितकीच मोठी वाटते.

दुसरी युक्ती अलिमा या वैद्यकीय मदत संस्थेची. क्यूब नावाची पारदर्शक प्लॅस्टिकची खोली, भिंतीतच ग्लोव्हजच्या बाह्या बसवलेल्या. आपल्याकडे कमी वजनाच्या बाळाला 'पेटीत ठेवलंय' म्हणतो ना, तसंच, फक्त अख्ख्या खाटेएवढं. नर्स बाहेरूनच हात घालून सलाईन बघते, सूट चढवायची बरीचशी कटकट वाचते, रात्री बाळ रडलं तर लगेच पोचता येतं, आणि मुलाला नर्सचा चेहरा दिसतो. घरच्यांनाही पलीकडे उभं राहून बोलता येतं.

आपल्याकडे हा विचार व्हायलाच हवा, कारण आपल्या हॉस्पिटलात पेशंटपाशी नातेवाईक पाळीपाळीने बसतातच. केरळात मे 2018 मध्ये कोळिकोडला निपाह हा दुसरा जीवघेणा व्हायरस आला तेव्हा बहुतेकांना लागण हॉस्पिटलातच झाली, आणि त्यात सोबतीला थांबलेले नातेवाईकही होते. 2023 मध्ये तिथलाच एक 9 वर्षांचा मुलगा व्हेंटिलेटरवरून परत आला. अशा मुलाजवळ आईला बसू द्यायचं का, दिलं तर कुठला गाऊन घालून, किती वेळ, तिला सूट काढायला कोण शिकवणार, हे साथ यायच्या आधीच कागदावर हवं.

गिनीत ऑक्टोबर 2015 मध्ये इबोला झालेल्या आईच्या पोटी एक मुलगी जन्मली. आई वाचली नाही. बाळाला प्रायोगिक औषधं दिली आणि इबोलातून बऱ्या झालेल्या एका माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही दिल्या. इबोला घेऊन जन्मलेलं आणि वाचलेलं हे माहीत असलेलं पहिलं बाळ. नोव्हेंबरच्या शेवटी तिला घरी सोडलं, आणि आता तिला ग्लोव्हजशिवाय कडेवर घेता येणार होतं.