पोप, नॅथॅनिअल

(१७८४–१८५०). अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील वकील, इलिनॉय प्रदेशाचे काँग्रेसमधील (अमेरिकी संसदेतील) प्रतिनिधी व पुढे संघीय न्यायाधीश. शिकागो शहर आज इलिनॉय राज्यात आहे, ते त्यांच्या एका दुरुस्तीमुळे.

जन्म केंटकीतील लुईव्हिलचा, शिक्षण ट्रान्सिल्व्हेनिया विद्यापीठात. वकिली सुरू केली ती मिसिसिपीकाठच्या फ्रेंच वसाहतींत, आधी सेंट जेनेव्हिव्ह आणि मग कॅस्कॅस्किया येथे. फ्रेंच, ब्रिटिश आणि अमेरिकन अशा तीन राजवटींचे जमिनीचे दावे तिथे एकमेकांत गुंतलेले होते. वकिलाला कामाची वाण नव्हती. १८०९ मध्ये इलिनॉय हा स्वतंत्र प्रदेश (अजून राज्याचा दर्जा नसलेला विभाग) झाला व पोप त्याचे सचिव झाले. गव्हर्नर निनियन एडवर्ड्स येऊन पोहोचेपर्यंत कारभार त्यांनीच हाकला आणि पहिल्या दोन काउंट्या (जिल्ह्यांसारखे विभाग) आखल्या. विखुरलेले कायदे एकत्र करून १८१५ मध्ये त्यांनी दोन खंडांत संकलित केले. हे काम फारसे आठवले जात नाही, पण सरहद्दीवरच्या न्यायाधीशाला हाताशी असा ग्रंथ असणे ही मोठी सोय होती.

त्यांचे खरे कर्तृत्व १८१८ मधले. इलिनॉयला राज्याचा दर्जा देणारे विधेयक काँग्रेसपुढे होते. १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या अध्यादेशात मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकातून जाणारी रेषा सांगितली होती. ती तशीच राहिली असती, तर इलिनॉयला सरोवराचा किनारा मिळालाच नसता. पोप यांनी सीमा ४२ अंश ३० मिनिटे अक्षांशापर्यंत, म्हणजे त्या रेषेच्या सुमारे ६० मैल उत्तरेला, नेण्याची दुरुस्ती मांडली. त्यांचा युक्तिवाद दूरदृष्टीचा होता: सगळा व्यापार नद्यांनी दक्षिणेकडेच गेला, तर संघराज्य फुटण्याच्या वेळी इलिनॉयही तिकडे ओढले जाईल, सरोवरावर बंदर असेल, तर उत्तरेशीही नाते जुळेल. दुरुस्ती मंजूर झाली आणि आठ हजारांहून अधिक चौरस मैल मुलूख राज्यात आला. तेव्हा शिकागोला एक किल्ला आणि मोजकी घरे होती. हेही नोंदवले पाहिजे, की या मुलखात पोटावाटोमी व इतर आदिवासी राष्ट्रे राहत होती आणि रेषा आखताना त्यांना कोणी विचारले नाही.

याच विधेयकात पोप यांनी सरकारी जमीनविक्रीच्या निव्वळ उत्पन्नातील पाच टक्क्यांपैकी तीन टक्के शिक्षणासाठी राखून घेतले. इतर राज्यांत हा पैसा रस्त्यांवर जाई.

१८१९ पासून मृत्यूपर्यंत ते इलिनॉयचे संघीय जिल्हा न्यायाधीश होते. स्प्रिंगफील्डला त्यांच्या न्यायालयात अब्राहम लिंकन वकील म्हणून उभे राहत. १८४३ मध्ये मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना मिझुरीच्या हवाली करण्याची मागणी पोप यांनी फेटाळली व त्यांना मोकळे केले.

शिकागो ज्या काउंटीत आहे तिला त्यांच्या भाच्याचे, डॅनियल पोप कुक यांचे, नाव आहे. नॅथॅनिअल यांच्या नावाची पोप काउंटी मात्र राज्याच्या दक्षिण टोकाला, ओहायो नदीकाठी आहे. तिच्या मुख्य गावाचे नाव गोलकोंडा. आपल्या गोवळकोंड्यावरूनच ते ठेवलेले आहे.