रिसेट केल्यावर फोन जुनं गूगल अकाउंट मागतोय? लॉक काढायला कागद कोणते लागतात आणि नकार का येतो

पॅटर्न विसरला किंवा फोन हँग व्हायला लागला की लोक पॉवर आणि व्हॉल्यूमचं बटण एकत्र दाबून रिसेट मारतात. फोन चालू होतो, भाषा विचारतो, वायफाय मागतो आणि मग अडून बसतो, आधीचं गूगल अकाउंट टाका म्हणतो. फोन बिघडलेला नसतो. चोराला फोन पुसून विकता येऊ नये म्हणून २०१५ साली अँड्रॉइड ५.१ सोबत हे लॉक आलं, दुकानदार त्याला एफआरपी म्हणजे फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन म्हणतात. फोनमध्ये गूगल अकाउंट आणि स्क्रीन लॉक असलं की ते आपोआप चालू होतं, वेगळं काही करावं लागत नाही. फोन उघडा असताना सेटिंगमध्ये जाऊन रिसेट केला तर सहसा ते लागत नाही, बटणं दाबून केला की लागतं. एवढंच माहीत असतं तर निम्मी माणसं अडकलीच नसती.

आधी त्याच स्क्रीनवर नीट बघा, बऱ्याच फोनमध्ये जुना पॅटर्न किंवा पिन वापरायचा पर्याय खाली बारीक अक्षरात असतो. तो चालला तर काम झालं.

नाही चालला तर अकाउंट परत मिळवायचं. इथे सगळ्यात जास्त अडतात ती वयस्कर माणसं, कारण फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने स्वतःच काहीतरी जीमेल बनवून टाकलेला असतो, पासवर्ड त्याच्याच डोक्यात, आणि काका म्हणतात माझं ईमेलबिमेल काही नाही. असतं काका, त्याशिवाय प्ले स्टोअर चाललंच नसतं. दुसऱ्या फोनवर गूगलच्या रिकव्हरी पानावर मोबाईल नंबर आणि नाव टाकून ईमेल शोधता येतो. हे घरच्याच वायफायवर करा, आणि त्या अकाउंटने पूर्वी कधी लॉगिन केलेला दुसरा फोन किंवा कॉम्प्युटर असेल तर त्यावरूनच करा, ओळखीचं ठिकाण आणि ओळखीचं यंत्र दिसलं की गूगल लवकर विश्वास ठेवतं.

आता २४ तासांची भानगड. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर गूगल २४ तास थांबायला सांगतं, पूर्वी हीच मुदत ७२ तासांची होती. लोक पासवर्ड बदलतात, लगेच फोनवर टाकतात, चालत नाही म्हणून घाबरून परत बदलतात, आणि थांबायची वेळ पुन्हा पहिल्यापासून चालू होते. कृपा करून एकदाच बदला, कागदावर लिहा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत फोनला हात लावू नका.

अकाउंट मिळतच नसेल तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर. ओळखपत्र सगळ्यांकडे असतं, घोडं अडतं बिलावर. नुसतं बिल पुरत नाही, त्यावर याच फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा असलेला १५ आकडी ओळख नंबर, हवा. पांढऱ्या चिठ्ठीवर 'मोबाईल १ नग' लिहून दिलेलं चालत नाही, नुसता बॉक्स चालत नाही, आणि बिल मुलाच्या नावावर असेल तर मुलालाच घेऊन जावं लागतं. एका सेंटरवर एका आजींना एकदा बिल नाही म्हणून, मग बिलावर नंबर नाही म्हणून परत पाठवलेलं मी पाहिलंय, दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी सांगायला काय जात होतं? म्हणून निघायच्या आधी फोन करून कागदांची पूर्ण यादी विचारा. बिल हरवलं असेल तर दुकानात जाऊन डुप्लिकेट मागा, जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराला हिशेबाचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावेच लागतात, त्यामुळे 'जुनं आहे, निघणार नाही' हे लगेच ऐकून घेऊ नका. ऑनलाइन घेतला असेल तर ऑर्डरमधून बिल डाउनलोड होतं. हप्त्यावर घेतला असेल तर फायनान्सचे कागद काढा, त्यावर बऱ्याचदा आयएमईआय असतो.

आयफोनचं लॉक २०१३ पासून आहे, आणि तिथे सेटिंगमधून रिसेट करतानाही अॅपलचा पासवर्ड लागतो. पासवर्ड गेला असेल तर अॅपलच्या साइटवर अर्ज करता येतो, त्यातही खरेदीच्या कागदावर सिरियल किंवा आयएमईआय नंबर हवाच. फोन लॉस्ट मोडमध्ये (मालकाने 'हरवला' म्हणून लॉक केलेला) असेल किंवा ऑफिसने दिलेला असेल तर हा अर्ज चालत नाही. मालक वारले असतील आणि त्यांनी आधीच कुणाला लेगसी कॉन्टॅक्ट, म्हणजे आपल्यामागे अकाउंट बघणारा माणूस, नेमलं असेल तर नेमताना मिळालेली ॲक्सेस की (एक कोड) आणि मृत्यूचा दाखला लागतो.

सेकंडहँड घेतलेल्यांनी विकणाऱ्याला गाठायचं. आयफोन असेल तर तो लांबूनही आपल्या अकाउंटमधून फोन काढून टाकू शकतो. घेतानाच फोन तुमच्यासमोर रिसेट करून पूर्ण चालू करून दाखवायला सांगा, तो टाळाटाळ करत असेल तर पैसे देऊ नका. आणि इंग्रजीत KYM लिहून स्पेस देऊन आयएमईआय १४४२२ वर एसएमएसने पाठवा, ब्लॉक केलेला असेल तर कळतं.

हे ब्लॉकिंग म्हणजे एफआरपी नाही, लोक दोन्हीची गल्लत करतात. चोरीला गेलेल्या फोनचं नेटवर्क बंद करायचं काम सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या सीईआयआरमध्ये, म्हणजे आयएमईआयच्या सरकारी नोंदवहीत, होतं. पोलीस तक्रारीची कॉपी, बिल, ओळखपत्र आणि ओटीपीसाठी चालू नंबर लागतो. हा नंबर म्हणजेच चोरीला गेलेलं सिम, त्यामुळे आधी डुप्लिकेट सिम काढावं लागतं आणि नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. ओटीपी येत नाही म्हणून पोर्टलच बंद आहे असं समजून बरेच जण अर्ज सोडून देतात, अहो दुसऱ्या दिवशी येतो तो. अर्ज झाला की रिक्वेस्ट आयडी मिळतो, तो जपून ठेवा. फोन सापडला तर अनब्लॉकचा वेगळा अर्ज याच आयडीवर करावा लागतो, नाहीतर फोन हातात येऊनही नेटवर्क मिळत नाही.