कोअर बॉक्स झिजलाय? नवा करण्याआधी हे वाचा

ओतकामात पोकळी ठेवायला लागणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, ज्या साच्यात बनतो तो कोअर बॉक्स. झिजलेल्या बॉक्सवर आम्ही लेझरने धातूची भर चढवून तो दुरुस्त करतो. कोअर शूटरच्या, म्हणजे बॉक्समध्ये वाळू जोराने भरणाऱ्या यंत्राच्या, भोकातून वाळू जिथे थेट आपटते, त्या भिंतीवर बोट फिरवून बघा. खळगा हाताला लागेल. पार्टिंग लाईनची, म्हणजे बॉक्सचे दोन भाग जुळतात तिथली, कड गेली की कोअरला फिन (पातळ जादा कड) येते आणि दोन माणसं दिवसभर कानस घेऊन बसतात. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागातून आमच्याकडे येणारे बॉक्स बहुधा याच दोन जागी गेलेले असतात. बाकीचा बॉक्स ठणठणीत असतो, म्हणून तो भंगारात जाताना बघवत नाही.

कास्ट आयर्नवर साधं वेल्डिंग मारलं की तडा जातो, हा अनुभव तुम्हालाही असेल. त्यात कार्बन 3 टक्क्यांच्या वर. वेल्डच्या कडेला धातू वितळून झटकन गार होतो, पांढरा आणि ठिसूळ बनतो. वर उष्णतेने बॉक्स वाकतो तो वेगळाच.

लेझर जेमतेम काही मिलिमीटरची जागा वितळवतो. त्याच ठिकाणी आर्गनच्या झोतातून धातूची पूड पडते आणि लेझर पुढे सरकला की गोठते. एका फेरीत साधारण अर्धा ते एक मिलिमीटर भर चढते. उष्णता आत फार जात नाही. तरीही कास्ट आयर्न आम्ही आधी गरम करतो, काम झाल्यावर सावकाश निवू देतो. पूड निकेलची घेतो, कारण निकेल कार्बनशी कडक कार्बाइड बनवत नाही. वाळूचा मारा जास्त असेल तिथे टंगस्टन कार्बाइड हा फार कडक पदार्थ मिसळतो; पण मग तो भाग ग्राइंडिंगनेच मापात आणावा लागतो, तेवढा वेळ धरा. एच-13 या टूल स्टीलच्या डायला (धातूच्या साच्याला) एच-13 चीच पूड.

प्रेशर डायकास्टिंगचे (वितळलेला धातू दाबाने डायमध्ये भरण्याचे) नवे इन्सर्ट, म्हणजे डायमध्ये बसणारे सुटे भाग, हवे असतील तर मॅरेजिंग स्टील या निकेलयुक्त मजबूत पोलादात थरावर थर देऊन बनवता येतात. ड्रिल जिथे पोचत नाही तिथे डाय गार ठेवणाऱ्या पाण्याची वळणदार वाट आतूनच काढता येते.

बॉक्स छोटा आणि साधा असेल, किंवा आरपार तडकला असेल, तर नवाच स्वस्त पडतो. तसं आम्ही बघूनच सांगू.

पाठवताना दोन्ही भाग ते जुळवणाऱ्या डॉवेल पिनांसकट पाठवा, सोबत ड्रॉइंग आणि शेवटचा काढलेला कोअर. आणि कळकळीची विनंती, आधी स्वतः वेल्डिंग मारू नका. ते खरवडून काढण्यातच आमचा निम्मा दिवस जातो, आणि त्याचे पैसे तुमच्याच बिलात लागतात.