शिगम्याचं ऊन आणि फोमचं चिलखत

नववीतल्या भाच्याला यंदा शिगम्याच्या, म्हणजे आमच्या गोव्यातल्या शिमग्याच्या, वेशभूषा स्पर्धेत कुर्ली, म्हणजे खेकडा, व्हायचं होतं. साधी कुर्ली नव्हे. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, बांधावर पहारा देणारी, हिरवट-काळ्या चिलखतातली, दोन मोठ्या नांग्यांची सुपरहिरो कुर्ली. खऱ्या कुर्ल्या बांधाला बिळं पाडून शेतकऱ्याला जेरीस आणतात, हे त्याला ठाऊक होतं. "म्हणूनच मामा, एक तरी कुर्ली आपल्या बाजूची हवी," असं तो म्हणाला आणि मी कामाला लागलो. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. तीन आठवडे घरात चाललेल्या या कामाने मला माझ्या विषयातल्या कितीतरी गोष्टी हाताला लागतील अशा दाखवल्या.

पहिला प्रश्न कशाचं बनवायचं हा. पुठ्ठा घामाने भिजून लोळागोळा होतो. पत्रा जड, शिवाय कडा कापतात. दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या मुखवट्याला वापरतात तो कागदाचा लगदा छान कडक होतो, पण वाकवला की तडकतो, आणि भाच्याला तर त्यात नाचायचं होतं. उरला फोम. लहान मुलांच्या खोलीत एकमेकांत अडकणाऱ्या चौकोनी चटया घालतात ना, तोच. फोंड्याच्या बाजारात सहज मिळतो. नाव ईव्हीए, म्हणजे इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट. समुद्रावर घालायच्या हलक्या सपाता याच्याच, धावायच्या बुटांचा मऊ तळही बहुधा याचाच, आणि छपरावरच्या सोलर पॅनलमध्ये काच आणि सेल यांना धरून ठेवणारा पारदर्शक थरही बहुतेक वेळा याचाच असतो, फक्त तो फोम नसतो.

ईव्हीए घन असेल तर त्याची घनता पाण्यापेक्षा थोडीशीच कमी असते. मग फोम इतका हलका कसा? इथे गोव्यातल्या माणसाला सान्नां, म्हणजे माडाची सुर घालून फुगवलेल्या तांदळाच्या इडल्या, आठवली की पुरे. सुरेतलं यीस्ट पिठात वायू सोडतं आणि पीठ फुलतं. फोमच्या कारखान्यात यीस्टच्या जागी अझोडायकार्बोनामाइड नावाची पिवळी पूड असते. साधारण दोनशे अंशांना ती फुटते (जस्ताचं ऑक्साइड घातलं तर त्याहून कमी तापमानाला) आणि एका ग्रॅममधून सुमारे २२० मिलिलिटर वायू निघतो, त्यात मुख्यतः नायट्रोजन. साचा घट्ट दाबून बंद असतो तोवर हा वायू वितळलेल्या प्लास्टिकमध्ये कोंडून राहतो. साचा उघडला की तुकडा क्षणात कितीतरी पट फुगून बाहेर येतो. प्रत्येक बुडबुडा स्वतःच्या भिंतींनी बंद असतो. पावाच्या तुकड्यासारखी भोकं एकमेकांना जोडलेली नसतात, म्हणून हा फोम पाणी पीत नाही.

एक हिशेब भाच्याला करायला लावला. घनमीटरला शंभर किलो घनतेचा, एक सेंटिमीटर जाडीचा एक चौरस मीटर फोम भरतो एक किलो. तेवढाच एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा भरतो पावणेआठ किलोच्या वर. त्या एक किलो फोमच्या आकारमानातला नऊ-दशांश भाग नुसता वायू असतो. मग तो ताठ कसा राहतो, तर जाडीमुळे. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. पाच मिलिमीटरचा फोम दुप्पट जाड केला तर तो दुप्पट नाही, आठपट ताठ होतो. म्हणून छाती-पाठीला दहा मिलिमीटर आणि कोपर-मनगटाला चार-पाच असं आम्ही ठरवलं.

आता माप. भाच्याच्या अंगावर जुना टीशर्ट, त्यावर स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक, त्यावर चिकटपट्टी गुंडाळली, वर मार्करने रेघा काढल्या आणि कात्रीने तो कोश कापून काढला. छातीचा मधला भाग टेबलावर जवळजवळ सपाट बसला. खांद्याचा मात्र काही केल्या बसेना. एका बाजूने दाबावा तर दुसरीकडे चुणी उठे. माझी ताई शिवणकाम करते. तिने तुकडा हातात घेतला, खडूने दोन त्रिकोण काढले आणि म्हणाली, "टक्स घे की." सपाट कापडाला गोलाई द्यायची तर कुठेतरी त्रिकोणी तुकडा काढून कडा जुळवाव्या लागतात. कटोरी ब्लाऊज शिवणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत असतं. कार्ल फ्रिडरिश गाऊस यांनी १८२७ साली हेच गणिताने सिद्ध केलं. पृष्ठभागाची एक खास वक्रता, न ताणता न आकसता केवळ वाकवून बदलताच येत नाही. कागद नळीसारखा गुंडाळता येतो, कारण नळीची ती वक्रता कागदासारखीच शून्य असते. चेंडूची तशी नसते, म्हणून चेंडूला कागद लावला की सुरकुत्या पडणारच. ताईच्या हातात खडू होता आणि त्याच्या पाठीशी गाऊस उभे होते, हे मी तिला सांगितलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि तिसरा टक घातला.

पण फोम कापडापेक्षा एका बाबतीत वेगळा आहे. तो तापवला तर ताणता येतो आणि ताणलेल्या आकारात राहतो. सगळ्या कामातली हीच गोष्ट मला सर्वांत सुंदर वाटली, म्हणून ती जरा सावकाश सांगतो.

ईव्हीएचे रेणू म्हणजे लांबच लांब धागे. धाग्याचा बराचसा भाग पॉलिथिनसारखा सरळ असतो, मधूनमधून व्हिनाइल ॲसिटेटच्या गाठी लोंबतात. सरळ भाग शेजारीशेजारी येऊन शिस्तीत रचले जातात, त्यांचे बारीक स्फटिक बनतात. गाठी ती शिस्त मोडतात, म्हणून ईव्हीए पॉलिथिनपेक्षा मऊ. याशिवाय कारखान्यात पेरॉक्साइड घालून हे धागे एकमेकांना कायमचे जोडलेले असतात, मासेमारीच्या जाळ्याच्या गाठींसारखे. म्हणजे फोमला धरून ठेवणाऱ्या दोन गोष्टी झाल्या. जाळ्याच्या गाठी कायमच्या. स्फटिक मात्र तात्पुरते, साधारण ७० ते ९० अंशांच्या दरम्यान वितळणारे, आणि त्यांतले लहान तर त्याच्याही आधी.

गरम हवा फेकणाऱ्या हीट गनने फोम तापवला की स्फटिक वितळतात आणि फोम ढिला पडतो. त्या वेळी तो हवा तसा वाकवायचा आणि थंड होईपर्यंत तसाच धरायचा. नवे स्फटिक नव्या आकारात बनतात आणि आकार कुलूपबंद होतो. आम्ही छातीचा तुकडा तांब्याच्या कळशीवर ओढून धरला. फोम उष्णतेचा फार वाईट वाहक असल्याने तो आतून थंड व्हायला आपल्याला वाटतं त्याहून जास्त वेळ लागतो. घाईने सोडला तर निम्मा आकार परत जातो. ओल्या फडक्याने पुसत पाच मिनिटं धरला की पक्का बसतो. गन एका जागी रोखून ठेवू नये. फोमला किंचित चकाकी आली, म्हणजे वरचे बुडबुडे वितळून कातडी बंद झाली, की पुढे सरकावं. त्यापलीकडे जाऊन तीनशे अंशांच्या वर तो जळायला लागला, तर व्हिनाइल ॲसिटेटच्या गाठी सुटून ॲसेटिक आम्ल बाहेर पडतं. माडाच्या शिरक्यासारखा उग्र वास आला की समजावं, आपण फोम तापवत नाही, बिघडवतो आहोत.

जाळ्याच्या कायमच्या गाठी मात्र फोम सपाट असताना बांधलेल्या असतात. त्या तो सपाटपणा विसरत नाहीत. हे मला वर्गात शिकवताना माहीत होतं, पण कळलं ते शिगम्याच्या चार दिवस आधी. रंग दाखवायला म्हणून छातीचा तुकडा मी गाडीतून नेला आणि दुपारी दोन तास गाडी उन्हात उभी राहिली. मार्च महिना, बाहेर पस्तीस अंश. बंद गाडीतली हवा अशा उन्हात तासाभरात पन्नासच्या पुढे जाते, डॅशबोर्ड सत्तरीला पोहोचू शकतो, आणि आमचा तुकडा काळा होता. परत आलो तर कुर्लीची भरदार छाती सीटवर निम्मी पसरली होती. काही ठिकाणचे सांधेही सुटले होते. ते मी घाईत ग्लू गनने जोडले होते, आणि ग्लू गनची कांडी बहुतेक वेळा ईव्हीएचीच असते. तिच्यात कायमच्या गाठी नसतात, त्यामुळे ती सरळ मऊच पडते. वायरवर घालून तापवली की घट्ट आवळणारी इलेक्ट्रिशियनची नळी जाळ्याच्या कायमच्या गाठींच्या याच आठवणीवर चालते. तिथे आठवण कामी येते, इथे तिनेच घात केला.

सुधारणं अवघड नव्हतं. पुन्हा तापवून पुन्हा कळशीवर. पण या खेपेला आतून पातळ पट्ट्या आडव्या चिकटवल्या, म्हणजे स्फटिक सैल पडले तरी घुमट सपाट व्हायला वाव राहू नये. आणि सांध्यांसाठी ग्लू गन बंद करून सोल्युशन घेतलं, चपला दुरुस्त करणारे वापरतात ते. त्यातलं पॉलिक्लोरोप्रीन नावाचं रबर १९३० साली अमेरिकेतल्या ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत सापडलं. द्रावकात विरघळवून ते दोन्ही कडांना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग कडा एकदाच, नेमक्या जुळवून दाबायच्या. दोन्हीकडच्या रबराचे धागे एकमेकांत शिरतात आणि लगेच घट्ट होतात. चुकीला जागा नाही, उचलून परत लावता येत नाही.

गोव्यात यात एक अडचण जास्तीची येते. द्रावक उडून जाताना पृष्ठभाग गार करतो, स्पिरिट लावल्यावर हात गार पडतो तसा. बत्तीस अंशांच्या हवेत आर्द्रता पंचाहत्तर टक्के असेल, तर दव पडायला तापमान सत्तावीसवर यायला हवं. म्हणजे नुसती पाच अंशांची घट. आर्द्रता पन्नास टक्के असती तर बारा अंश लागले असते. आपल्याकडे त्या गार पडलेल्या रबरावर डोळ्यांना न दिसणारं पाणी साचतं आणि मधेच थर होऊन बसतो. वरून सांधा बसल्यासारखा दिसतो, दुसऱ्या दिवशी केळीच्या सालीसारखा सुटतो. सकाळचं काम दुपारच्या कोरड्या वेळेवर ढकलणं, किंवा वाळलेला थर हीट गनने लांबून जरासा कोमट करून मग जोडणं, या दोन्हींनी आमचे सांधे टिकले. अर्थात कोमट करण्याआधी द्रावक पुरता उडालेला हवा आणि डबा बंद करून दूर ठेवलेला हवा. तो ज्वालाग्राही असतो आणि त्याच्या वाफेने डोकं भणभणतं. हे काम अंगणातच करावं, मुलांना एकटं सोडू नये.

रंगाबद्दल थोडक्यात. आधी पाण्यात सैल केलेल्या पांढऱ्या फेविकॉलचे चार पातळ थर दिले. तेही व्हिनाइल ॲसिटेटचंच नातेवाईक आहे. त्यावर काळा ॲक्रिलिक आणि कडांना बोटाने चोळलेला चंदेरी. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमच्या किंवा अभ्रकाच्या बारीक चकत्या असतात, त्या आडव्या पडल्या की धातू चमकल्यासारखं वाटतं.

हालचालीचा प्रश्न स्वयंपाकघरात सुटला. ताई कोळंबी सोलत होती. कोळंबीच्या पोटाचे सहा खंड, प्रत्येक पुढचा मागच्यावर थोडा चढलेला, आणि मधे पातळ लवचीक पापुद्रा. कडक कवच वाकत नाही, खंड एकमेकांखाली सरकतात. कोपराला आणि कमरेला आम्ही तेच केलं. पाच मिलिमीटरच्या पट्ट्या एकीवर एक, आणि आतून पापुद्र्याच्या जागी रुंद इलॅस्टिक. भाचा खाली बसला, उठला, पुन्हा बसला. मग अर्धा तास तो नुसता उठाबशाच काढत होता.

राहिली शेवटची आणि खरी काळजीची गोष्ट. बुडबुडे बंद असल्याने पाणी आत जात नाही, तशी घामाची वाफ बाहेरही येत नाही. स्वस्थ बसलेलं शरीर साधारण शंभर वॅट उष्णता सोडतं. ती सगळी घामानेच घालवायची म्हटली तर तासाला दीडशे ग्रॅम घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. ढोल-ताशावर नाचताना हा आकडा तिपटीवर जातो. ओघळून गेलेला घाम गारवा देत नाही. म्हणून काखेत, कमरेजवळ आणि मानेखाली दोन-दोन बोटं मोकळी ठेवली, म्हणजे गरम हवा वर चढून मानेतून निघते आणि खालून नवी येते. शिरस्त्राणाच्या माथ्यावर हवा बाहेर ओढणारा छोटा पंखा लावला, पॉवर बँकेवर चालणारा. आत सुती बंडी. आणि अट एकच घातली, दर वीस मिनिटांनी शिरस्त्राण काढून पाणी प्यायचं.

मिरवणुकीच्या संध्याकाळी रोमटामेळांच्या, म्हणजे ढोल-ताशावर नाचत जाणाऱ्या पथकांच्या, मागे, दोन चित्ररथांच्या मधल्या जागेत ती कुर्ली तासभर नाचली. उजव्या नांगीचा रंग सांध्यापाशी तडकला, बाकी काही सुटलं नाही.

उरलेले तुकडे पोत्यात भरून ठेवले आहेत. जाळ्याच्या गाठी असल्याने हा फोम वितळवून पुन्हा ओतता येत नाही, आणि नरकासुराबरोबर तो जाळायचा नाही हे भाच्याने स्वतःच ठरवलं. त्याची बुटांतली गादी होईल, पुढच्या शिरस्त्राणाचं अस्तर होईल. चिलखत माळ्यावर ठेवलेलं नाही, कौलांखाली मे महिन्यात तिथे भट्टी असते. ते खाटेखाली सावलीत आहे. छातीचा तुकडा कळशीवर उपडा घातला आहे आणि ताईने पाण्यासाठी दुसरी कळशी आणली आहे.